पातळ थरांतून पाणी जातं कसं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी टेक्स्टाइलमध्ये एमटेक करतोय. नॉनवोव्हनचे (न विणता तंतू एकमेकांना जोडून केलेल्या कापडाचे) दोन थर एकावर एक ठेवले की पाणी त्यात कसं पसरतं याचं मॉडेल करायचंय. प्रत्येक थर ०.२ मिमी जाड, वरच्या थरातली छिद्रं साधारण १५ मायक्रॉन त्रिज्येची, खालच्यात ५०. अर्धवट भरलेल्या छिद्रांतून पाणी कसं वाहतं याचं रिचर्ड्सचं समीकरण वापरलं, कॅपिलरी प्रेशरचा कर्व्ह (छिद्रं किती भरली की पाण्याला किती ओढ असते तो आलेख) दोन्ही थरांना एकच दिला आणि सीमेवर सॅच्युरेशन, म्हणजे छिद्रांचा पाण्याने भरलेला हिस्सा, दोन्हीकडे सारखं धरलं. मॉडेलमध्ये पाणी लगेच खाली उतरतं, पण प्रयोगात ते वरच्याच थरात लांबवर पसरत राहतं आणि खाली फार उशिरा जातं. परमिएबिलिटी (थरातून पाणी किती सहज वाहतं ते) बदलून बदलून थकलो, काय करू?

उत्तर : परमिएबिलिटी आता सोडा, ती कितीही बदलली तरी हे जुळणार नाही. घोळ दोन थरांच्या सीमेवर आहे आणि तो तुम्ही प्रश्नातच लिहून दिलाय.

सीमेवर सारखं राहतं ते प्रेशर, सॅच्युरेशन नाही. सॅच्युरेशन तिथे उडी मारतं, एका बाजूला थर जवळजवळ भरलेला आणि लगेच पलीकडे कोरडा असं अगदी आरामात असू शकतं. तुमचेच आकडे घेऊन बघा, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर आणि तंतू पूर्ण भिजतात असं धरलं तर १५ मायक्रॉनच्या छिद्राची ओढ येते साधारण ९६०० पास्कल आणि ५० मायक्रॉनच्या छिद्राची २९०० च्या आसपास. म्हणजे वरचा थर पाण्याला तिपटीहून जास्त जोरात धरून बसलाय, तो खालच्याला का देईल? वर कोरडी बारीक छिद्रं शिल्लक आहेत तोवर पाणी आडवंच पळणार, आणि वरचा थर भरत येऊन तिथली ओढ २९०० च्या खाली आली की मगच खाली उतरणार. तुमच्या प्रयोगात नेमकं हेच दिसतंय, प्रयोग बरोबर आहे. तेव्हा प्रत्येक थराला त्याचा स्वतःचा कर्व्ह द्या आणि सीमेवर फक्त प्रेशर जुळवा.

थर उलटे ठेवून पण एकदा बघाच, मोठ्या छिद्रांचा वर आणि बारीक छिद्रांचा खाली. खालचा थर वरच्यातलं पाणी भराभर ओढून घेईल आणि वरचा बऱ्यापैकी कोरडा होईल. डायपरमध्ये थरांचा क्रम असा असतो तो याच कारणाने.

आणि हो, गुरुत्वाकर्षण. बऱ्याच जणांना वाटतं पाणी खाली जातं ते वजनाने, पण ०.२ मिमी उंचीच्या पाण्याचं प्रेशर भरतं जेमतेम २ पास्कल, वरच्या हजारोंसमोर ते काहीच नाही. जाडीच्या दिशेने ती टर्म काढून टाकली तरी चालेल. लांब पट्टी उभी टांगून टेस्ट करत असाल तर मात्र ठेवा.

आता यापेक्षा खोलवरची गोष्ट. रिचर्ड्सनी १९३१ मध्ये ते समीकरण मांडलं ते मातीसाठी. मातीत एवढासा तुकडा घेतला तरी त्यात असंख्य छिद्रं येतात म्हणून सरासरीला अर्थ असतो. तुमच्या खालच्या थरात छिद्राचा व्यास १०० मायक्रॉन आणि जाडी २००, म्हणजे वरून खालपर्यंत छिद्रं किती, तर दोन! दोन छिद्रांत कसला आलाय सॅच्युरेशनचा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारा उतार? मॉडेलमध्ये जाडीचे वीस तुकडे (ग्रिड सेल) पाडून सुंदर गुळगुळीत कर्व्ह मिळतो पण तो कर्व्ह त्या कापडात नसतोच. मी स्वतः असे कर्व्ह बरेच दिवस खरे मानले होते, म्हणून कळकळीने सांगतोय.

त्यापेक्षा प्रत्येक थराची जाडीभर सरासरी घ्या, थर म्हणजे एक सपाट पान समजा, पानातल्या पानात पाणी डार्सीच्या नियमाने (प्रेशर जितक्या झपाट्याने बदलतं तितका प्रवाह) पसरू द्या आणि दोन पानांमध्ये देवाणघेवाणीची एक टर्म लिहा, दोन्ही पानांच्या सरासरी प्रेशरचा फरक गुणिले सीमेची वाहकता. चिन आणि हसनिझादेह यांनी २०१४ मध्ये पातळ थरांसाठी याच धर्तीची मांडणी केली आहे, ती शोधून वाचाच. खरी मेहनत त्या वाहकतेत आहे. थर एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत, मध्ये हवेच्या फटी राहतात, वरून थोडं वजन ठेवलं की फटी मिटतात आणि थर दबून छिद्रं पण लहान होतात. म्हणून ती वेगवेगळ्या वजनाखाली मोजा, अंदाजाने टाकू नका.

अजून एक, प्रत्येक वेळी नवा कोरडा तुकडा घ्या. पॉलिप्रॉपिलीनसारख्या तंतूंवर पाणी शोषावं म्हणून फिनिश लावलेलं असतं, ते पहिल्याच भिजण्यात बरंचसं धुऊन जाऊ शकतं आणि मग दुसऱ्यांदा तेच कापड वेगळं वागतं. तुमच्या रीडिंगमध्ये मेळ बसत नसेल तर आधी हे तपासा.

प्रश्न : कागदाची पट्टी पाण्यात बुडवली की पाणी आधी भरभर चढतं आणि मग रेंगाळतं, का?

उत्तर : ओढ तेवढीच राहते, पण मागे भिजलेला भाग वाढत जातो आणि त्या सगळ्यातून पाणी खेचत आणावं लागतं, म्हणून. लुकास १९१८ आणि वॉशबर्न १९२१, दोघांनी दाखवलं की अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. १ सेंमी जायला ४ सेकंद लागले तर २ सेंमीला १६. पट्टी आडवी ठेवून बघा, उभ्या पट्टीत वर जाता जाता वजनही आडवं येतं. नुसता एक थेंब टाकला तर मात्र हा हिशोब थेंब पूर्ण आत जाईपर्यंतसुद्धा नीट लागत नाही, कारण पाणी सगळीकडे गोल पसरतं, आणि थेंब संपल्यावर तर मोठ्या छिद्रांतलं पाणी बारीक छिद्रांत जात राहतं, तेव्हा डाग वाढतो पण फारच हळू.