तुमचे प्रश्न : बजकम नावाचा तुर्क

प्रश्न : शाहिस्तेखानाला अमीर-उल-उमरा, म्हणजे सरदारांचा सरदार, म्हणायचे हे माहीत होतं, पण परवा वाचलं की हे पद मूळचं बगदादचं आणि ते मिळवणाऱ्या पहिल्या काही लोकांत बजकम नावाचा एक तुर्क गुलाम होता. विकत घेतलेला माणूस इतका वर जातोच कसा?

उत्तर : आधी 'गुलाम' शब्दाचं बघू, कारण गोंधळ तिथेच होतो. हे घरकामाचे नोकर नव्हेत, मध्य आशियातून आणलेली तुर्क पोरं घोडा नि धनुष्य शिकवून तयार करायचे, पगार द्यायचे, आणि अशा पन्नास-शंभर पोरांची टोळी ज्याचं ऐकते तो आपोआप कमांडर. मालकापेक्षा टोळी महत्त्वाची, बजकमचं सगळं करियर याच एका गोष्टीवर उभं आहे.

त्याचा पहिला मालक माकान, कॅस्पियन समुद्राकडचा दैलमी सरदार, म्हणून हा बजकम अल-माकानी. तिथून तो मर्दावीजकडे गेला. मर्दावीज इस्फहानमध्ये बसून जुन्या इराणी सम्राटांची स्वप्नं बघणारा माणूस आणि तुर्कांशी वागायला एकदम वाईट. एकदा तुर्कांच्या घोड्यांचा गोंगाट झाला म्हणून त्याने म्हणे घोड्यांवरची खोगिरं उतरवून त्याच तुर्कांच्या पाठीवर बांधायला लावली आणि तसंच त्यांना तबेल्यापर्यंत चालवलं. असा अपमान कोण विसरेल! जानेवारी 935 मध्ये तुर्कांनी त्याला हमामात गाठून मारलं, कटवाल्यांत बजकम होता.

मग हा आपली टोळी घेऊन इराकला आला. वासित आणि बसऱ्याचा सुभेदार इब्न राइक याला शिपाई हवेच होते, त्याने बजकमला ठेवून घेतलं आणि तुझ्या जुन्या साथीदारांना पत्रं टाक, येतील तेवढे येऊ देत असं सांगितलं. ते आले, फौज वाढली, आणि 936 मध्ये बगदादचा खलिफा राजी याने हात टेकून सगळा कारभार इब्न राइकच्या हातात दिला, तोच पहिला अमीर-उल-उमरा. बजकम आता अल-राइकी झाला, निशाणावरसुद्धा तसं लिहिलेलं. पण ही फौज नेमकी कुणाची, हे इब्न राइकच्या लक्षात यायला उशीर झाला.

यात वजीर इब्न मुक्ला पण अडकला, अरबी सुलेखनातलं फार मोठं नाव. इब्न राइकला काढा आणि बजकमला आणा अशी त्याची पत्रापत्री चालू होती ती फुटली आणि त्याचा उजवा हात तोडला गेला, ज्या हाताने लिहायचा तोच. तर हा दंडाला कलम बांधून लिहायला लागला! पुढे जीभही कापली आणि 940 मध्ये तुरुंगातच वारला. मला बजकमपेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं.

सप्टेंबर 938 मध्ये बजकम बगदादवर चालून आला. त्याला अडवायला इब्न राइकने नहरवान कालव्याचा बांध फोडला, पाणी सगळीकडे पसरलं, बजकम काही अडला नाही पण कालवा बिघडला तो बिघडलाच आणि त्या भागातली शेती गेली. इब्न राइक लपून बसला आणि बजकम अमीर-उल-उमरा झाला. निशाणांवरचं 'राइकी' त्याने आधीच काढून टाकलं होतं. माकानी मात्र शेवटपर्यंत राहिलं.

प्रश्न : नुसताच मारामारी करणारा होता का?

उत्तर : नाही हो. अरबी त्याला कळायची पण बोलायचा नाही, दुभाष्या ठेवायचा, कारण मोठ्या माणसाने बोलण्यात चूक केली तर ते फार वाईट दिसतं असं त्याचं म्हणणं. आणि डिसेंबर 940 मध्ये खलिफा राजी वारल्यावर त्याने राजीचा वैद्य सिनान इब्न साबित याला वासितला बोलावलं आणि सांगितलं की शरीराचं बघाच पण माझ्या रागाचं आधी बघा, रागात मी माणसं मारतो नि नंतर पस्तावतो. सिनानने औषध नाही दिलं, शिक्षा दुसऱ्या दिवसावर टाकत जा म्हणाला, तुमच्या हातातला माणूस कुठे पळून जाणार आहे, झोप झाली की राग उतरतो. वासितमध्ये दुष्काळात गरिबांसाठी अन्नछत्र आणि बगदादमध्ये दवाखाना, ही कामंही सिनानच्याच सांगण्यावरून हाती घेतली.

प्रश्न : मग स्वतःच खलिफा का नाही झाला?

उत्तर : होऊच शकत नव्हता, खलिफा अब्बासी घराण्यातलाच लागायचा. आणि गरज काय? राजीनंतर मुत्तकी गादीवर बसला तेव्हा बजकम वासितलाच होता, आपला कारभारी पाठवून काम करून घेतलं.

प्रश्न : पेट्यांत माणसं घालून वाळवंटात न्यायचा, ती गोष्ट काय आहे?

उत्तर : लोक म्हणायचे की हा खजिना पुरतो आणि खड्डे खणणाऱ्यांना तिथेच मारतो. बजकमने सिनानला वेगळंच सांगितलं, की माणसांना पेट्यांत बंद करून खेचरांवर लादतो, खेचरं स्वतः हाकत नेतो, तिथे पेट्या उघडतो, ते खणतात, पुरतात, परत पेटीत बसतात, त्यामुळे जागा फक्त मलाच माहीत. मारण्यापेक्षा बरं म्हणायचं.

एप्रिल 941 मध्ये बसरा बळकावून बसलेल्या बरीदी घराण्यावर त्याच्या सैन्याने विजय मिळवला होता, तेवढ्यात शिकारीच्या नादात हा वाटेतल्या काही कुर्दांवर लुटीच्या हावेने तुटून पडला, चिलखत न घालता, आणि एका कुर्द पोराने मागून भाला घातला, हा कोण आहे हे त्याला माहीतही नव्हतं. खलिफा मुत्तकीने लगेच बगदादमधला वाडा खणायला लावला, खूप सोनं निघालं, नंतर खणलेली मातीसुद्धा धुवून घेतली तर तिच्यातही नाणी सापडली. वाळवंटातलं मात्र तिथेच राहिलं, ज्यांनी पुरलं होतं ते पेटीत बसून गेलेले.