अभंग तुकोबांचे, मुद्रण कोणाचे?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने स्वखर्चाने आठ अभंगांचे ध्वनिमुद्रण करून घेतले आहे. आता एक कंपनी एकरकमी पंचवीस हजार रुपये देऊन ही गाणी सर्व अ‍ॅपवर टाकण्यास तयार आहे. मात्र करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द आहेत. सही करावी का? आणि अ‍ॅपवर गाणे एकदा ऐकले गेले की नेमके किती पैसे मिळतात?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : या शब्दांसह सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅसेटच्या काळात हजारो प्रती काढणे, वेष्टने छापणे, माल गावोगावच्या दुकानांत पोहोचवणे आणि न खपलेला परत घेणे, हे सारे भांडवलाचे काम कंपनी करीत असे आणि त्या जोखमीच्या बदल्यात मालकी तिच्याकडे जात असे. आज यातले जवळजवळ काहीच उरलेले नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारखे वितरक वार्षिक शुल्क किंवा उत्पन्नातला वाटा घेऊन गाणी जगभरच्या अ‍ॅपवर पोहोचवतात आणि मालकी आपल्याकडेच राहते. जे काम आता पोस्टमनचे उरले आहे, त्यासाठी घर लिहून देण्याचे कारण नाही.

आधी आपण नेमके कशाचे मालक आहात, हे पाहावे. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा प्रताधिकार नाही आणि वारकरी परंपरेतली जुनी चालही कोणा एकाची नाही. मात्र आठांपैकी एखादी चाल ज्ञात संगीतकाराची असेल, तर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क राहतो. तिथे परवानगी घ्यावीच लागेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क यापेक्षा वेगळा असून तो ज्याने पुढाकार आणि आर्थिक जबाबदारी घेतली त्या निर्मात्याचा, म्हणजे इथे मंडळाचा, आहे. कायद्यानुसार हस्तांतराच्या करारात मुदतच लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. आपल्या कागदावर 'कायमस्वरूपी' असे लिहिलेले असल्याने ही ढाल उपयोगी पडणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ आकड्यात उत्तर नाही, कारण दर ऐकण्यामागे ठरलेला भावच बहुतेक अ‍ॅपवर नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून आलेला पैसा एका हंड्यात जमा होतो, त्यातला अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा वाटा वजा करून उरलेला भाग, एकूण ऐकण्यांत ज्याचा जितका हिस्सा त्या प्रमाणात, हक्कधारकांना वाटला जातो. भारतात हा हंडाच लहान आहे : स्पॉटिफाय २०१९ मध्ये इथे आले तेव्हा मासिक वर्गणी ११९ रुपये होती, अमेरिकेत ती ९.९९ डॉलर होती, आणि आपल्याकडचे बहुसंख्य श्रोते तर जाहिराती ऐकून फुकटच ऐकतात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि ही अट प्रत्येक गाण्याला स्वतंत्रपणे लागू आहे.

यात एक गंमतही आहे. १९०२ मध्ये गायिका गौहरजान यांना ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत बसवावा लागला, कारण तबकडीत जागाच तेवढी होती. आज जागेची अडचण नाही, पण तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जात असल्याने चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि दोन मिनिटांचे गाणे यांची मोजणी सारखीच होते. आपला सावकाश रंगणारा अभंगही त्याच रांगेत उभा आहे.

उद्योगाचे मात्र बरे चालले आहे. १९९९ मध्ये गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणारी नॅपस्टर ही सेवा आल्यानंतर जगातल्या ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न दीर्घकाळ घसरत गेले. २०२३ मध्ये ते २८.६ अब्ज डॉलरवर पोहोचले आणि त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग स्ट्रीमिंगचा होता. पण या पद्धतीत थेंबाथेंबाने पैसा येतो, आणि तळे त्याचेच भरते ज्याच्याकडे हजारो गाण्यांचा साठा आहे. समोरची कंपनी आपले आठ अभंग का मागते, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

त्यामुळे पंचवीस हजार ही रक्कम आठ अभंग बरीच वर्षे स्वतःहून मिळवून देणार नाहीत, अशीच शक्यता जास्त. मंडळाला पैशांची निकड असेल तर हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मालकीऐवजी ३ किंवा ५ वर्षांचा परवाना देऊ करावा, रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. गायक आणि पखवाजवादक यांचा वाटाही आधीच कागदावर लिहून ठेवावा. पैसे शेवटी कोणा एकाच्याच खात्यात जमा होतात.

प्रश्न : यूट्यूबवर टाकलेल्या आमच्या स्वतःच्या गाण्यावर एका अनोळखी कंपनीने दावा केला आहे. असे कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक वेळा हा दावा माणूस करीत नाही. कंपन्यांनी दिलेल्या ध्वनीच्या ठशांशी यंत्रणा प्रत्येक नवे गाणे ताडून पाहते, आणि तयार मिळणारा तोच तानपुरा किंवा तालाचा तुकडा दोघांनी वापरला असेल तर ती फसते. दावा झाल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतल्यास वाद मिटेपर्यंत दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न बाजूला ठेवले जाते, आणि दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. स्टुडिओची पावती आणि प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे मूळ मुद्रण जपून ठेवले असेल, तर आपली बाजू मांडणे सोपे जाईल.