मुलांनी झील धरावी म्हणून

(मुलांसमोर गाणी आणि गोष्टी सादर करण्याच्या व्यवसायाविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मी साताऱ्यात बालवाडीत शिकवते. गायनाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिक्षण झाले आहे आणि मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज (सा). माझी गोष्ट मुले मन लावून ऐकतात, परंतु गोष्टीत गाणे आले की काही मुले गप्प होतात आणि उरलेली ओरडू लागतात. ही मुले बेसूर आहेत, असे समजावे का?

उत्तर : मुळीच समजू नये. आपल्या पत्रातच कारण आले आहे, ते म्हणजे काळी चार. चार ते सहा वर्षांच्या बहुतेक मुलांचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी दोन ते पांढरी सहा एवढ्या पट्ट्यात सहज फिरतो. आपला षड्ज त्याच्या खालच्या सप्तकातील काळी चारवर आहे. म्हणजे आपण सा, रे, ग या स्वरांत गाता, तेव्हा ते स्वर मुलांच्या गळ्यात उतरतच नाहीत, आणि आपण मध्यमाच्या (म) पुढे गेलात की मगच त्यांच्या गळ्याची हद्द सुरू होते. ज्या मुलाला स्वर सापडत नाही ते एक तर गप्प बसते किंवा शब्दांना धरून ओरडते, आणि आपण दोन्हींना बेसूर म्हणून मोकळे होतो. शिकलेल्या गायिकांच्या हातून ही चूक अधिक होते, असे मी पाहिले आहे, कारण रोजच्या रियाजाची पट्टी सोडणे त्यांना जिवावर येते.

यावरचा उपाय आपल्याला परिचितच असणार. ठुमरी किंवा भजन गाताना मध्यमाला षड्ज मानून गातात, तसे मुलांसाठी गावे. काळी चारचा मध्यम म्हणजे मधल्या सप्तकातील काळी एक होय. तिथे षड्ज धरून चाल पंचमापर्यंत, फार तर धैवतापर्यंत ठेवली, तर बहुतेक मुले सुरात येतील. पुरुषांची अडचण वेगळी आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा स्वर मुलांच्या एक सप्तक खाली असतो. मुले बहुधा आपोआप वरचे सप्तक घेतात, परंतु लहानांपैकी काही जण काकांसारखा घोगरा आवाज काढू पाहतात. अशा वेळी पेटीवर वरच्या सप्तकात ती ओळ एकदा वाजवून दाखवावी.

आता ओरडण्याविषयी. पोवाड्यात शाहीर कथा पुढे नेतो आणि झीलकरी मागून पालुपद, म्हणजेच झील, धरून त्याला साथ देतात. संपूर्ण पोवाडा झीलकऱ्यांनी पाठ करावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही. मुलांकडे आपण हे झीलकऱ्याचे काम सोपवावे, असे माझे मत आहे. गोष्टीतल्या गाण्याला दोन ओळींचे पालुपद असावे, तेवढेच मुलांचे. बाकीचे आपण गावे आणि पालुपद आले की एक श्वासभर थांबावे. त्या थांबण्यात मुले आत येतात, त्यांना बोलवावे लागत नाही. याउलट ‘अजून जोरात, मला ऐकूच येत नाही’ असे म्हणून मुलांना चेतवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती मला अजिबात मान्य नाही. त्यातून गलका निर्माण होतो, आयोजक खूश होतात आणि ज्या दहा-बारा मुलांना नुकताच सूर सापडत होता, त्यांचा तो हरवतो.

गोष्टीत गाणे नेमके कुठे घालावे, हे कळण्यासाठी नारदीय कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, लक्ष देऊन ऐकावा. आख्यान सांगताना बुवा साकी, दिंडी, ओवी, कटाव अशी वृत्ते बदलतात ती हौसेखातर नव्हे. प्रसंग स्थिरावला की चाल संथ होते, धावपळ आली की जलद चालीचा कटाव सुरू होतो. मुलांच्या गोष्टीतही ससा पळत असताना संथ गाणे आले, तर मुलांची नजर ताबडतोब खिडकीबाहेर जाते.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ हेच काम करावे, असा विचार आहे. यावर घर चालते का? आणि ‘मुलांचाच तर कार्यक्रम आहे’ असे म्हणून मानधन टाळणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : घर चालते, परंतु बारा महिने सारखे चालत नाही. ऑक्टोबरात 15 तारखेचा वाचन प्रेरणा दिन, 14 नोव्हेंबरचा बालदिन, 24 डिसेंबरची साने गुरुजींची जयंती, त्याच सुमारास शाळांची स्नेहसंमेलने, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि नंतर एप्रिल-मे महिन्यांतील शिबिरे, एवढ्या दिवसांत वर्षाची बहुतेक कमाई होते. मार्चमध्ये परीक्षा असतात. जून-जुलैत शाळा स्थिरस्थावर होईपर्यंत कोणी बोलवत नाही आणि ते दोन महिने मी नव्या गोष्टी बसवण्यासाठी राखून ठेवतो. नोकरी सोडण्यापूर्वी निदान एक पावसाळा निभेल इतकी शिल्लक बाजूला ठेवावी.

मानधनाबाबत माझा अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका शाळेने मला पाऊण तासाच्या कार्यक्रमासाठी बोलावले आणि प्रत्यक्षात दुसरीपासून सातवीपर्यंतची चारशे मुले एका सभागृहात बसवून दोन तास मागितले. तोंडी ठरलेली रक्कम आठ महिन्यांनी आणि निम्मी मिळाली. दोष माझाही होता, कारण मी काहीच लिहून घेतले नव्हते. तेव्हापासून मुलांचा वयोगट, जास्तीत जास्त संख्या, वेळ, प्रवासखर्च, ध्वनिव्यवस्था कोणाची आणि पैसे केव्हा मिळणार, एवढे पत्रात लिहून दिल्याशिवाय मी तारीख देत नाही. बालवाडीच्या वयाला साठांहून अधिक मुले आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ मी स्वीकारत नाही. जे टाळाटाळ करतात त्यांना मी इतकेच विचारतो की, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांनाही मुलांचा कार्यक्रम म्हणून फुकट बोलावले आहे का. फुकट कार्यक्रम मीही करतो, मात्र कुठे करायचा ते मी ठरवतो.

हिशेबाच्या दोन गोष्टी. संस्थेने मानधनातून 10 टक्के कर कापला असेल, तर कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, कारण विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेली रक्कम परत मिळू शकते. आणि वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत केवळ महाराष्ट्रात काम करणाऱ्या कलावंताला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे एखाद्या शाळेने त्या क्रमांकासाठी अडवले, तर तसे लेखी कळवावे.

प्रश्न : प्रसिद्ध कवींच्या बालकविता कार्यक्रमात गायल्या आणि त्यांची चित्रफीत टाकली, तर परवानगी लागते का?

उत्तर : बहुतेक वेळा लागते. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011पासून सर्वांसाठी खुले आहे. बालकवी तर 1918 सालीच गेले. विंदा करंदीकरांचे निधन 2010चे, तेव्हा त्यांच्या कवितांवरील हक्क 2070च्या अखेरीपर्यंत आहेत. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निरनिराळे असतात, हे येथे विसरता कामा नये: कविता खुली असली, तरी तिची गाजलेली चाल कोणा संगीतकाराची असू शकते. शाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी यांनी पालकांसमोर केलेल्या शालेय कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे, परंतु पैसे घेऊन बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनी ती आपली समजू नये. म्हणूनच मी जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी आणि स्वतः बांधलेली पालुपदे यांवर अधिक विसंबतो. जिवंत कवीला पत्र लिहून विचारण्यात संकोच करू नये. मला आजवर एकदाही नकार आलेला नाही.

प्रश्न : परदेशातील नातवंडांसाठी आणि तेथील मराठी शाळेसाठी संगणकावरून गोष्टी सांगते. सगळ्यांनी मिळून गाताना गोंधळ होतो आणि पेटी तर ऐकूच जात नाही.

उत्तर : आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागतो, तेव्हा एकत्र गाणे तिथे शक्य नाही आणि तो हट्ट सोडावा. मुलांचे माइक बंद ठेवून त्यांना आपल्याबरोबर गाऊ द्यावे आणि पालुपद एकेका मुलाकडून पाळीपाळीने घ्यावे. एकट्याने गायची पाळी येणार म्हणून मुले कान देऊन बसतात, हा त्यातला फायदाच. पेटीचा सलग स्वर ही यंत्रणा खोलीतला घरघराट समजून दाबून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट कमी करण्याची सोय बंद केली की पेटी ऐकू येऊ लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात दिमडीचा (लहान डफासारख्या वाद्याचा) सूर उतरतो. काय करावे?

उत्तर : कातड्याची असेल तर शेगडीपासून हातभर अंतरावर धरून फिरवत शेकावी, ज्योतीवर धरू नये. प्रवासासाठी कातड्याऐवजी कृत्रिम पडद्याची एक वेगळी दिमडी बाळगावी. नाद थोडा कोरडा येतो, पण कोकणात जुलैमध्ये तीच कामाला येते. जुनी दिमडी कोणाकडून घेत असाल, तर कातडे घोरपडीचे नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे. बकऱ्याच्या कातड्याची दिमडी मला आवाजालाही कमी वाटलेली नाही.