भाडं, भायखळा आणि दहावा माणूस

भायखळ्याच्या एका बेने इस्राएल (कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या) घरातल्या सुनेचं पत्र आलंय. खाली सही आहे ‘दहाव्या माणसाची बायको’. पत्र लांबलचक आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे सांगते.

नवरा मस्जिद बंदरला एका पेढीवर हिशेब बघतो. शनिवार पाळतो (शब्बाथ: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, प्रवास नाही) म्हणून मालक महिन्याचे चार दिवस कापून 52,000 रुपये हातावर ठेवतो. ही दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार 21,000. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. सासूबाई सात रस्त्याजवळ पागडीच्या खोलीत राहतात. तिथे पाचजण मावत नाहीत म्हणून या चौघांनी जवळच वन आरके घेतलंय, भाडं 31,000. मुलांच्या फिया महिन्याला 12,000 पडतात, सासूबाईंची औषधं 5,000. हिने कळव्यात 16,000 चं घर बघून ठेवलंय, पण नवरा हलायला तयार नाही. तो गेला तर शनिवारी मशिदीत दहा पुरुष भरत नाहीत (सिनेगॉगला ही मंडळी मशीदच म्हणतात). सासूबाईंच्या मते ठाण्यापलीकडे कोणी आपलं राहतच नाही. दीर इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, तो म्हणतो सगळे इकडेच या. पुढच्या वर्षी मुलाचं बार मित्झ्वा (तेरा पूर्ण झाल्यावर मुलगा प्रौढ धरला जाण्याचा विधी) आहे आणि नवऱ्याला दीडशे माणसांचा हॉल घ्यायचाय. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे: फी आणि नणंदेच्या मुलीच्या लग्नातला आहेर यांच्यासाठी हिने पाटल्या गहाण ठेवून दोन लाख उचललेत, महिन्याला दोन टक्क्यांनी. नवऱ्याला माहीत नाही. आणि मग प्रश्न: ‘ताई, आम्हाला आमचं यहुदीपण परवडेनासं झालंय का?’

माझं उत्तर:

तुझ्याच आकड्यांची बेरीज करून पाहिली. भाडं, फी, औषधं आणि पाटल्यांचं 4,000 व्याज मिळून 52,000 जातात. म्हणजे नवऱ्याचा अख्खा पगार तिथेच संपतो आणि तुझ्या 21,000 त पाच माणसांचं खाणंपिणं, लाइट, पास, दुखणीखुपणी, आलंगेलं. या यादीत मला यहुदीपण कुठे दिसलं नाही. कापलेले चार शनिवार तेवढे दिसले, आणि त्यांच्याबद्दल मी नवऱ्याच्या बाजूची आहे. कोकणात तुमच्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणायचे, कारण त्या दिवशी घाणा बंद. आठवड्यातला एक दिवस सोडण्याची किंमत ते पिढ्यान् पिढ्या मोजत आले आणि तेही काही सावकार नव्हते. तुझा नवरा तेच करतोय. चार दिवसांच्या पगारासाठी त्याच्याशी भांडू नकोस. भांडायचंच तर 31,000 शी भांड.

‘कोशेर (खाण्यापिण्याचे धर्मनियम) पाळायचं म्हणजे किती खर्च’ असं तू लिहिलंयस, आणि पुढे बाहेरून आलेल्या वाइनच्या बाटलीची किंमत. बाई, ती बाटली तुमच्यात आली कधी? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर तुमच्या घरांनी किद्दूश (वाइनवर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) म्हटलंय. कोकणात कुठली आली होती कोशेर वाइन! मटणासोबत दूध-दही चालत नाही म्हणून तुमच्या बायकांनी नारळाचं दूध वापरलं आणि त्यातून सगळं स्वयंपाकघर उभं केलं. नारळ आता महागलाय हे खरं, पण तो माझ्या घरातही महागलाय. खवले आणि पर असलेला मासा चालतो, म्हणजे बांगडा आणि तारली चालतात. दरवेळी सुरमईच पाहिजे असं तोरात (तुमच्या धर्मग्रंथात) लिहिलेलं नाही. बिरड्याच्या रोज्याला (जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास) वालच लागतात, नव्याच्या सणाला (ज्यू नववर्षाला) चिकाचा हलवा घरीच आटवायचा असतो. त्यात हात भरून येतात, पाकीट रिकामं होत नाही. तुमचा धर्म गरिबीत टिकलेला आहे. महाग झालंय ते त्याचं अलीकडचं, चारचौघांत दाखवायचं रूप.

आता मोठा पेच, दहावा माणूस. हा मुद्दा तू पत्रात थोडा चेष्टेवारी नेलायस. सहीसुद्धा तशीच केलीस. मला तो चेष्टेचा वाटत नाही. दहा प्रौढ पुरुष नसले तर सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) काढून वाचता येत नाही, मेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही. 1951 च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. आता जेमतेम पाच हजार असतील, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. भायखळा, सात रस्ता, मांडवी भागातल्या मशिदी अजून उभ्या आहेत, पण आजूबाजूच्या खोल्यांमधली माणसं लोद, रामले, दिमोना, अश्दोदला गेली. जी राहिली त्यांतली कितीतरी ठाण्याला गेली, याच भाड्यापायी. अशा ठिकाणी नऊजण दाराकडे बघत बसलेले असतात आणि दहावा तुझा नवरा असतो. पेढीवर त्याची गैरहजेरी पगारातून कापली जाते. इथे तो नसला तर सगळ्यांचंच अडतं. आयुष्यात एखादी तरी जागा अशी असावी, असं त्याला वाटत असेल तर त्याला हसू नकोस.

पण तो शनिवारी सकाळी तिथे लागतो, सोमवारी रात्री नाही. मग सोमवार ते गुरुवार भायखळ्यात झोपण्याचे 31,000 कशाला द्यायचे?

मी सुचवते ते असं. मुलांचं वर्ष संपलं की तुम्ही चौघं कळव्याला जा. शुक्रवारी तो पेढीवरून परस्पर आईकडे जाईल, मस्जिद ते भायखळा दोन स्टेशनं. सूर्य मावळायच्या आत पोहोचेल, रात्री आईच्या हातचं जेवेल, सकाळी चालत मशिदीत, आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की ट्रेन धरून घरी. शब्बाथला प्रवास करावा लागत नाही. दहावा माणूस जागेवर राहतो. सासूबाई आठवड्याचे सहा दिवस एकट्या असल्या तरी सातवा त्यांचा, हेही त्यांना सांगता येतं. आणि पुढच्या वर्षी तेरा पूर्ण झाले की तुझा मुलगाही त्या दहात मोजला जाईल. बाप-लेक दोघं गेले तर मशिदीला एकाचे दोन मिळाले. सासूबाईंशी बोलताना हे वाक्य आधी वापर, भाड्याचा हिशेब नंतर.

यात तुझं नुकसान आहे, ते मला दिसतंय. शुक्रवारचा दिवा तू एकटी लावणार, लेकीसोबत. म्हणून महिन्यातून एक शब्बाथ त्याने कळव्याला काढायचा, तेव्हा सासूबाईंनीही यायचं, हे आधीच ठरवून घे. त्या शनिवारी दहावा कोण, ते मशिदीच्या मंडळींनी बघावं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ 1879 पासून शाआर हशामाइम मशीद उभी आहे, आणि तुमच्या समाजाची मोठी वस्ती आता ठाण्यातच आहे. ‘ठाण्यापलीकडे कोणी आपलं राहत नाही’ म्हणणाऱ्या सासूबाईंना एका सणाला तिथे घेऊन जा. कळवा तिथून एक स्टेशन. ओळखीची चार घरं त्यांना तिथेच भेटतील, आणि आपल्याला न विचारता ठाण्याला गेल्याबद्दल त्यातल्या दोन घरांवर तरी सासूबाई रागावतील.

सासूबाईंना कायमचं कळव्याला न्यायचं आणि पागडीच्या खोलीला कुलूप लावायचं, असं तू ओझरतं लिहिलंयस. हे मात्र अजिबात करू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार सबळ कारण नसताना खोली सलग सहा महिने वापरात नसली तर मालकाला ताबा मागता येतो. मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला तरी तेच. आज त्या खोलीचं भाडं चहापाण्याइतकं असेल, पण तुमच्या घरात मालमत्ता म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट आहे. इमारत सेसची (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी) असेल आणि पुनर्विकासाला गेली तर आताच्या नियमांप्रमाणे राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांची जागा मिळते. विकायचीच झाली तर मालकाला त्याचा वाटा देऊन रीतसर नाव बदलून घ्यावं लागतं. भाडेकरू वारल्यावर हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, म्हणून अश्दोदचा दीर, नणंद आणि तुम्ही यांचं आपसात काय ठरलंय ते सासूबाई धडधाकट असताना कागदावर आणा. भाडेकायद्याची कामं करणारा वकील गाठा आणि पावत्या नीट लावून न्या. कोण्या एजंटाने पुढे केलेल्या कागदावर सासूबाईंनी एकटीने सही करायची नाही, हे त्यांना दोनदा सांग.

दिराचं आमंत्रण. तो प्रेमाने बोलावत असेल, पण भाडं परवडत नाही म्हणून देश बदलू नये. तिथे जाऊन जगायचंय, तिथली भाषा आपली करायचीय, असं मनातून वाटत असेल तर जरूर जा, तुमचा तो हक्कच आहे. सुरुवातीचे काही महिने सरकार हाताशी पैसे देतं, हिब्रूचे वर्गही घेतं. पण स्वस्ताईसाठी? 2011 च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या रॉथशील्ड बुलेवार्डवर तरुणांनी तंबू ठोकले होते, ते घरभाड्यापायीच. 2021 मध्ये इकॉनॉमिस्टच्या संशोधन विभागाने जगातल्या महागड्या शहरांच्या यादीत त्याच तेल अवीवला पहिलं बसवलं. अश्दोद काही तेल अवीव नाही, पण किराणा आणि घरभाडं तिथेही शेकेलमध्येच मोजावं लागतं, शिवाय पालिकेचा आर्नोना कर राहणाऱ्यानेच भरायचा. पेढीवरचा हिशेबनीस आणि दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, दोघांनाही हिब्रू येईपर्यंत हाती लागेल ते काम करावं लागेल. मुलगा अठराचा झाला की सैन्यसेवा सक्तीची, आणि तिथली परिस्थिती तू रोज बातम्यांत बघतेस. दिराला एकच विचार: पहिल्या दोन वर्षांत तू महिन्याला किती शिल्लक टाकलीस? खरा आकडा सांगितला तर त्याच्याशी पुढचं बोल.

बार मित्झ्वाला हॉल नको. मुलाचं नाव पुकारलं जाणं आणि त्याने तोरासमोर उभं राहून वाचणं, हा विधी मशिदीतच होतो. त्यानंतर एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने मलिदा: पोहे, ओलं खोबरं, साखर, पाच फळं. मग मशिदीच्या आवारात साधं जेवण. अश्दोदची मंडळी एसी हॉलसाठी विमानाचं तिकीट काढणार नाहीत. त्यांना मलिदाच हवा असतो. हॉलचा आग्रह नवऱ्याचा आहे, आणि मला वाटतं तो का आहे हे तुलाही माहीत आहे. पेढीवर चार दिवस कापून घेणाऱ्या माणसाला एक दिवस यजमान व्हायचंय. त्याला ते होऊ दे, फक्त माणसं पन्नास कर. हझानशी (मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्याशी), वाचनाच्या तयारीशी, पाहुण्यांशी सगळं बोलणं त्यालाच करू दे.

फीबद्दल. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या सहा समाजांच्या यादीत तुम्ही नाही, त्यामुळे दिल्लीच्या योजनांच्या मागे वेळ घालवू नकोस. राज्याच्या योजनांपैकी तुमच्या मुलांना काय लागू होतं, ते शाळेच्या ऑफिसात आणि अल्पसंख्याक विभागात विचार. समाजाच्या ट्रस्टकडे अर्ज करायची तुला लाज वाटते. तुमच्याच परंपरेत बाराव्या शतकातल्या मायमोनिदीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवलंय ते समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं. मुलीच्या फीचा अर्ज त्यातच बसतो. तुझा नवरा दर शनिवारी जाऊन समाजाला काय देतो, हे ट्रस्टवाल्यांना चांगलं ठाऊक असेल.

राहिल्या पाटल्या. कळव्याला गेलात की भाड्यातले 15,000 वाचतात. त्यात आज जाणारे 4,000 मिळवले तर महिन्याला 19,000 होतात आणि दोन लाख त्याच दोन टक्क्यांनी वर्षभरात फिटतात. दलाली आणि टेम्पोचा खर्च सुरुवातीला बसेल, इथलं डिपॉझिट परत आलं की तो भरून निघेल. दरम्यान एखाद्या सरकारी बँकेत सोनेतारणाचा दर विचार, दोन टक्के महिना हा फार झाला. तुमच्याच धर्मात आपल्या माणसाकडून व्याज घ्यायला मनाई आहे. दिराला मदत करायचीच असेल तर विमानाच्या तिकिटांऐवजी त्याने लाखभर बिनव्याजी द्यावेत, असं नवऱ्याला सुचवता येईल.

सुचवता येईल, पण त्याआधी त्याला पाटल्यांचं सांगावं लागेल. आणि ते कळव्याचा विषय काढायच्या आधी सांग. घर बदलल्यावर त्याला कुठून कळलं, तर तू कर्ज लपवायला त्याला भायखळ्यातून उठवलंस असंच तो धरून बसेल आणि दर शुक्रवारी आईकडे जाताना तेच डोक्यात घेऊन जाईल. आहेर त्याच्याच बहिणीच्या घरी गेलाय, फी त्याच्याच मुलांची आहे, तू उधळपट्टी केलेली नाहीस. शनिवारी सांगू नकोस, पैशाची बोलणी तो त्या दिवशी करत नसेल. रविवारी मुलं खाली खेळायला गेली की गहाणाची पावती आणि वरच्या हिशेबाचा कागद, दोन्ही एकदम त्याच्यासमोर ठेव.