घराचं काम चालू असताना फक्त त्या खोलीचा एमसीबी पाडला तर वायरमनसाठी पुरेसं आहे का?

नाही, डबल पोल मेन (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) पाडा आणि इन्व्हर्टर वेगळा बंद करा. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचा न्यूट्रल एकच असू शकतो, किंवा फेज-न्यूट्रल उलटे. इन्व्हर्टर तर मेन पाडल्यावर लाइट गेली समजून स्वतःच सप्लाय देतो, आणि हेच लोक विसरतात. वायरला हात लावण्याआधी टेस्टर लावा, पण तो आधी चालू पॉइंटवर पेटतो का बघा. भिंत फोडायच्या मशीनला तात्पुरती लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच (करंट जमिनीकडे गळताच सप्लाय तोडणारा स्विच) द्या. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही.