सरपंचताईंचा कारखाना आणि पंचायतीची खरेदी

प्रश्न : आमच्या सरपंचताईंच्या मसाला-कारखान्यात गावातील अनेक स्त्रियांना काम मिळते. ग्रामपंचायतीने तेथूनच माल घेतला, तर बिघडले कुठे?

उत्तर : उद्योग चालवण्यास आडकाठी नाही, परंतु महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार पंचायतीशी झालेल्या कंत्राटात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास तो अपात्र ठरतो आणि तसा वाद उपस्थित झाल्यास निर्णय जिल्हाधिकारी देतात. स्त्रियांच्या रोजगाराचा हेतू कितीही चांगला असला, तरी तो येथे ढाल म्हणून पुढे करता येत नाही. ताईंनी माल बाहेरच्या बाजारात विकावा. सरपंच म्हणून त्यांना स्त्रियांसाठी खरोखर काही करायचे असेल, तर नियमित ग्रामसभेपूर्वी घ्यावयाची महिला सभा (जी पुष्कळदा केवळ कागदावर भरते) त्यांनी प्रत्यक्षात भरवावी.