फ्यूज उडतो, तर ट्रान्सफॉर्मर जळालाच का?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये २४-०-२४ व्होल्टचा (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २४-२४ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर आहे. महिनाभरापासून बटण दाबताच फ्यूज उडतो. एकदा जाड फ्यूज घालून पाहिला, तेव्हा करपट वास आला. दुरुस्ती करणाऱ्यांनी झाकण उघडताच ‘ट्रान्सफॉर्मर गेला’ असे सांगितले. मंडळातील एक तरुण आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला आहे. त्याला याची खात्री करता येईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नक्की करता येईल, आणि खर्च करण्यापूर्वी ती करावीच. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे असलेल्या ब्रिज रेक्टिफायरमधील (एसीचे डीसी करणाऱ्या भागातील) एखादा डायोड किंवा स्पीकरला प्रवाह पुरवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तरी सेकंडरीतून (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळीतून) प्रचंड प्रवाह वाहून फ्यूज अगदी असाच उडतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरपेक्षा हे भाग कितीतरी अधिक वेळा निकामी होतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर बाकीच्या जोडणीपासून वेगळा करून तपासल्याखेरीज त्याला दोष देणे मला घाईचे वाटते.

प्रथम प्लग काढून रेक्टिफायरपुढच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार ४७० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावा आणि व्होल्टेज शून्याजवळ आल्याचे मीटरवर पाहावे. तारांच्या रंगांचा फोटो काढून ठेवावा, सेकंडरीच्या सर्व तारा सोडवाव्यात आणि त्यांची टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी टेपने झाकावीत. मग प्रायमरीला (मेन्सच्या बाजूच्या गुंडाळीला) ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्टचा पुरवठा द्यावा. येथे एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला, तर ट्रान्सफॉर्मर बहुधा सुस्थितीत आहे. तो प्रखर पेटून राहिला, तर मात्र वाइंडिंगमधील (तारेच्या गुंडाळीतील) वेढे आपसांत शॉर्ट झाले आहेत असे समजावे.

हाच दोष केवळ ओहममीटरने शोधू पाहणारे फसतात. प्रायमरीत शेकडो वेढे असतात, त्यामुळे त्यांतील एक-दोन शॉर्ट झाल्याने रोधात पडणारा फरक एक टक्क्याहूनही कमी असतो आणि तो साध्या मीटरला जाणवत नाही. पण तो शॉर्ट झालेला वेढा स्वतःच एका शॉर्ट केलेल्या सेकंडरीसारखा वागतो, त्यात मोठा प्रवाह फिरतो आणि कोणताही भार (जोडलेले उपकरण) नसताना ट्रान्सफॉर्मर तापून वार्निश करपू लागते. ओहममीटर तुटलेले वाइंडिंग मात्र बिनचूक दाखवतो.

बल्बची चाचणी समाधानकारक ठरल्यास बल्ब काढून, योग्य फ्यूज घालून, सेकंडरीचे दोन्ही अर्धे भाग मोजावेत. भार नसल्याने प्रत्येकी २४ ऐवजी २६-२७ व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. अर्ध्या तासानंतर ट्रान्सफॉर्मर किंचित कोमट असावा. प्लग काढून हात लावला असता तो टेकवत नसेल, तर त्यावर भरवसा ठेवू नये. प्रायमरी आणि लोखंडी गाभा यांमधील इन्सुलेशनही ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) तपासून घ्यावे, कारण गायकाच्या हातातील माइकचे धातूचे आवरण शेवटी याच यंत्राच्या सांगाड्याला जोडलेले असते. अर्थिंगची तिसरी पिन तोडलेली असेल, तर ती आधी दुरुस्त करावी.

जाड फ्यूजमुळे आपल्याकडे दोन्ही भाग बिघडले असण्याची शक्यता मला खरी वाटते : मूळ दोष डायोडचा किंवा ट्रान्झिस्टरचा, आणि फ्यूजने वेळीच साखळी न तोडल्याने ट्रान्सफॉर्मरही तापला. म्हणून ट्रान्सफॉर्मर रीवाइंड (नव्या तारेने पुन्हा गुंडाळून) करून घ्यावा लागला, तरी रेक्टिफायर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासल्याशिवाय तो जोडू नये. पहिल्यांदा चालू करताना तोच बल्ब पुन्हा सिरीजमध्ये ठेवावा. फ्यूज मागील पट्टीवर छापलेल्या अँपिअरचाच घ्यावा, आणि तेथे ‘टी’ हे अक्षर असेल तर सावकाश उडणाऱ्या जातीचाच मागावा, कारण चालू होण्याच्या क्षणी निर्दोष ट्रान्सफॉर्मरही नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह ओढतो.